खुराड्यातील हिवाळा

पौष महिन्यातील पहाट. उल्हास नदीच्या खाडीवर धुक्याची पातळ दुलई पसरलेली असते. डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावर मुंबईची गाडी धरण्यासाठी उभे असलेले लोक स्वेटर व कानटोप्या घालून, हात एकमेकांवर चोळीत उभे असतात. वर्षाचे दहा महिने घामाने निथळणाऱ्या या गावाला थंडीचे हे थोडे दिवस मोठ्या अपूर्वाईचे वाटतात. शहराच्या कडेला जी जुनी गावे आहेत, तेथे उंच इमारतींच्या सावलीत अजूनही काही कौलारू घरे टिकून आहेत. अशा एखाद्या घराच्या मागील अंगणात एक खुराडे असते. सूर्य वर आला की घरातील आजी त्या खुराड्यावर रात्री टाकलेले गोणपाट बाजूला करते आणि फळी उघडते. आतून पाच-सात कोंबड्या अंग फुलवून, पिसे झटकीत बाहेर पडतात आणि लगेच उकिरडा उकरण्याच्या उद्योगाला लागतात.

रात्री आजी जेव्हा ते गोणपाट टाकते, तेव्हा ते खुराड्याच्या जाळीवर पुरते ओढून घेत नाही. वरच्या अंगाला वीतभर जागा ती मुद्दाम उघडी ठेवते. पाहणाऱ्याला वाटेल की गोणपाट अपुरे पडले असावे, किंवा आजीच्या नजरेतून ती फट सुटली असावी. थंडीच्या रात्री मुक्या पाखरांच्या घराला अशी फट कशाला? परंतु ती वीतभर फट चुकीने राहिलेली नसते. कोंबड्यांना थंडीतून कसे सांभाळावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या फटीत दडलेले आहे.

थंडी म्हणजे नेमकी किती, हे प्रथम पाहिले पाहिजे. डोंबिवलीत हिवाळ्याच्या रात्री पारा साधारणपणे पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. दुपारी तोच तीस अंशांपर्यंत चढतो. जवळच्या मुंबईत सांताक्रूझ येथील वेधशाळेने २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदविले होते. कसारा घाट चढून नाशिक जिल्ह्यात गेले की थंडीचे रूप बदलते. नाशिकमध्ये ७ जानेवारी १९४५ रोजी पारा ०.६ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाणी गोठण्याच्या बिंदूपर्यंत उतरला होता. द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध असलेल्या निफाड तालुक्यात थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली गेला की शेतकरी बागांत शेकोट्या पेटवितात. याहून उत्तरेस, हिमालयाच्या पलीकडे लडाखमधील लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो. कॅनडाच्या क्वीबेक प्रांतात तर तो कधी कधी शून्याखाली तीस अंशांपर्यंत पोहोचतो.

आश्चर्य असे, की या सर्व ठिकाणी माणसे कोंबड्या पाळतात. आणि हा पक्षी मुळात थंड देशाचा नव्हे! आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील व भारतातील उष्ण जंगलांत राहणारा लाल रानकोंबडा. सह्याद्रीच्या झाडीत राहणारा राखी रानकोंबडा हाही तिचा नातलग आहे. अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. उष्ण रानातील बांबूच्या बेटांत वाढलेला हा पक्षी बर्फाच्या प्रदेशात कसा तग धरतो, हे समजण्यासाठी त्याच्या शरीराची रचना पाहावी लागते.

माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे सदतीस अंश असते. कोंबडीचे असते सुमारे एक्केचाळीस. म्हणजे माणसाला जो कडक ताप वाटावा, ती कोंबडीची नित्याची प्रकृती होय. तिने खाल्लेले दाणे हे या चुलीचे जळण. निर्माण झालेली उष्णता बाहेर निसटू नये म्हणून तिच्या अंगावर पिसांचे पांघरूण असते. वरची मोठी पिसे कौलांसारखी एकावर एक बसतात व वारा अडवितात. त्यांच्याखाली मऊ, लवदार पिसांचा थर असतो. या लवेत हवा अडकून राहते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. गोधडीत चिंध्यांचे थर असतात, तरी आपल्याला ऊब मिळते ती त्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळेच. थंडी वाढली की कोंबडी अंग फुलविते. त्यामुळे पिसांखालील हवेचा थर जाड होतो. जणू ती एका गोधडीऐवजी दोन गोधड्या पांघरते.

उघडे भाग राहतात ते पाय, चोच आणि डोक्यावरील तुरा. पायांसाठी निसर्गाने एक युक्ती केली आहे. शरीरातून पायाकडे जाणारे गरम रक्त आणि पायाकडून परतणारे थंड रक्त ज्या नलिकांतून वाहते, त्या एकमेकींना लागून असतात. खाली जाणारे रक्त आपली बरीचशी उष्णता वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे पाऊल थंड राहिले, तरी शरीराची ऊब वाया जात नाही. शिवाय कोंबडी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेऊन उभी राहते आणि झोपताना मान वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसते. रात्री दांडीवर बसली की तिच्या छातीची पिसे बोटांवर पसरतात. म्हणून कडक थंडीच्या प्रदेशात बसण्यासाठी बारीक काठीऐवजी रुंद, सपाट पट्टी देतात. तीवर बोटे पसरून बसता येते आणि ती पिसांखाली पूर्ण झाकली जातात. तुऱ्याला मात्र असे कोणतेच पांघरूण नाही. तुरा आणि चोचीखाली लोंबणारे तांबडे मांसल भाग रक्ताने भरलेले असतात. उष्ण प्रदेशात अंगातील जादा उष्णता बाहेर टाकण्यास त्यांचा उपयोग होतो. जेथे बर्फ पडते, तेथे तेच अवयव प्रथम गोठतात व काळे पडतात.

एवढे कळले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पिसांनी पूर्ण झाकलेली, पोटभर खाल्लेली आणि कोरडी असलेली मोठी कोंबडी आपल्याकडील थंडीला सहसा दाद देत नाही. मग थंडीच्या दिवसांत कोंबड्या आजारी पडतात त्या कशाने? याचे उत्तर असे, की थंडी एकटी येत नाही. ती ओल, झोत आणि कोंदट हवा या तीन सोबत्यांना घेऊन येते. आणि त्यांतील तिसऱ्याला तर पुष्कळदा माणूसच आपल्या हाताने घरात घेतो.

ओल म्हणजे काय करते ते पाहू. पीस भिजले की लवेतील हवेची जागा पाणी घेते. पाण्यातून उष्णता झपाट्याने निघून जाते. ओल्या गोधडीत ऊब मिळत नाही, तसेच हे आहे. म्हणून पंधरा अंशांच्या रात्री भिजलेली कोंबडी जितकी कुडकुडते, तितकी पाच अंशांच्या रात्री कोरडी असलेली कुडकुडत नाही. झोताचेही असेच आहे. अंगावर सरळ येणारा वारा पिसे उलटवितो आणि आत जपून ठेवलेली ऊब पळवून नेतो. खुराड्याची जागा निवडताना ती उंचावर असावी, जमिनीची ओल व दव आत येऊ नये आणि थंड वाऱ्याच्या बाजूला भिंत किंवा कूड असावा, असे जुनी माणसे सांगतात, ते याच कारणाने.

आता तिसऱ्या सोबत्याकडे वळू. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर या तालुक्यांत पुष्कळ शेतकरी शेतीला जोड म्हणून कोंबड्यांच्या शेड बांधतात. समजा, एखाद्याने शंभर कोंबड्या पाळल्या आहेत. माळशेज घाटाकडून थंड वारे वाहू लागतात. त्याला कोंबड्यांची दया येते. तो शेडच्या चारही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे लावतो, फटींत पोती कोंबतो आणि समाधानाने झोपी जातो. सकाळी शेड खरोखरच उबदार असते. परंतु पडद्यांना आतून पाण्याचे थेंब लागलेले असतात. चार-आठ दिवसांत खालचे तूस ओले होऊन त्याचे गोळे बनतात. आत शिरताच नाकाला झोंबणारा वास येतो. कोंबड्यांचे डोळे पाणावतात, त्या शिंकू लागतात, घशातून घरघर ऐकू येते. शेतकरी म्हणतो, थंडी बाधली. आणि उरलेल्या फटीही बुजवून टाकतो! अशा रीतीने औषध समजून तो रोगच वाढवीत जातो.

हे पाणी आले कोठून? एक कोंबडी दिवसाला सुमारे शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे दोनशे ते अडीचशे मिलिलिटर पाणी पिते. शंभर कोंबड्यांचे मिळून हे पाणी रोज वीस ते पंचवीस लिटर होते. त्यातले थोडे अंड्यांत जाते. बाकीचे बहुतेक सारे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे शेडमध्येच उतरते. म्हणजे रोज जवळजवळ दोन बादल्या पाणी कोणी तेथे शिंपडावे, तसाच हा प्रकार होय. ते वाफेच्या रूपाने बाहेर जावयास वाट नसेल, तर ते भिंतींवर, पडद्यांवर आणि खालच्या तुसावर बसणारच. ओल्या विष्ठेतून अमोनिया नावाचा वायू निघतो. तोच नाकाला झोंबतो, डोळ्यांची आग करतो आणि श्वासनलिकेचे आतील नाजूक अस्तर बिघडवितो. तेथे मग रोगजंतूंना आयतीच वाट मिळते.

माणसाचे नाक जमिनीपासून पाच फूट वर असते. कोंबडीचे एका फुटाच्या आत. म्हणून जाणता माणूस शेडमध्ये नुसता उभा राहून परीक्षा करीत नाही. तो खाली बसतो, कोंबडीच्या उंचीला डोके आणतो आणि श्वास घेतो. आपले डोळे चुरचुरले, तर तिचे रात्रभर काय होत असेल, हे त्याला सांगावे लागत नाही.

मग ऊब राखावी की हवा खेळती ठेवावी? खरे म्हणजे या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. झोत आणि हवेची ये-जा यांत भेद आहे. कोंबड्या जेथे बसतात, त्या उंचीला आडोसा हवा. त्यांच्या डोक्यावर, छपराच्या लगत मोकळी जागा हवी. गरम, दमट हवा हलकी असल्यामुळे ती वर चढते आणि त्या वाटेने निघून जाते. खाली बसलेल्या पाखरांच्या अंगाला मात्र वारा लागत नाही. शेडचे पडदे खालच्या बाजूला पक्के बांधतात आणि वरची वीत-दोन विती मोकळी ठेवतात. सूर्य वर आला की ते उघडतात आणि सायंकाळी ऊन उतरताच लावतात. आजीच्या खुराड्यावरील ती फट म्हणजे याच नियमाचे लहान रूप आहे.

घराच्या तळाचीही व्यवस्था हवी. त्यासाठी कोकणात व ठाणे जिल्ह्यात भाताचे तूस सहज मिळते. शेडच्या जमिनीवर त्याचा चार ते सहा इंच जाडीचा थर पसरतात. याला गादी पद्धत म्हणतात. ही गादी विष्ठेतील ओल शोषून घेते आणि जमिनीचा गारवा वर येऊ देत नाही. तिच्यात राहणारे सूक्ष्म जीव विष्ठा कुजवितात, तेव्हा थोडी उष्णताही निर्माण होते. मात्र गादीला रोजची राखण लागते. ती वरचेवर खालीवर करावी लागते. ओला झालेला भाग काढून तेथे कोरडे तूस घालावे लागते. गादी योग्य आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. मूठभर तूस हातात घेऊन दाबावे. मूठ उघडताच ते मोकळे झाले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर गादी ओली झाली असे समजावे.

येथवर मोठ्या कोंबड्यांचा विचार झाला. पिल्लांची गोष्ट अगदी निराळी आहे. त्यांच्या अंगावर केवळ पिवळी लव असते. खरी पिसे नसतात. स्वतःच्या शरीराचे तापमान राखण्याची शक्तीही त्यांच्यात पहिल्या दिवसांत पुरती आलेली नसते. घरच्या कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना याची चिंता नसते. कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबविते आणि पिल्ले बाहेर पडल्यावरही त्यांना पंखांखाली घेते. पिल्ले थोडा वेळ बाहेर दाणे टिपतात, गारठली की आईच्या पोटाखाली शिरतात, आणि ऊब मिळाली की पुन्हा बाहेर येतात. किती ऊब हवी, हे येथे पिल्लूच ठरविते.

परंतु जी पिल्ले शेकड्यांनी वाढवावयाची असतात, ती यंत्रात उबविलेली असतात. पुण्याजवळ खडकी येथे राज्य शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रांतून एक दिवसाची पिल्ले शेतकऱ्यांकडे जातात. पिल्लू अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. ती शिदोरी त्याला दोन-एक दिवस पुरते. म्हणूनच भोके पाडलेल्या खोक्यांतून त्याला दूरच्या गावी नेता येते. शिदोरी मिळते, पण आई मिळत नाही. आईच्या पंखांची जागा घेण्यासाठी विजेच्या दिव्यांची छत्री टांगतात. तिला ब्रूडर म्हणतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला सुमारे पस्तीस अंश तापमान ठेवावे लागते. पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी कमी करीत जातात. पाच-सहा आठवड्यांत पिसांचे पांघरूण तयार होते आणि मग या आईची गरज उरत नाही.

तापमापक टांगलेला असला, तरी सर्वांत खरी साक्ष पिल्लेच देतात. ती दिव्याखाली एकमेकांना चिकटून, कलकलाट करीत बसली असतील तर त्यांना थंडी वाजत आहे. दिव्यापासून दूर, कडेला जाऊन, चोची उघडून धापा टाकीत असतील तर उष्णता फार झाली आहे. सगळी एकाच बाजूला जमली असतील तर समोरच्या बाजूने झोत येत असला पाहिजे. ती सारखी विखुरलेली, काही खात, काही पीत, काही पाय पसरून निजलेली दिसली, म्हणजे सर्व ठीक आहे. ज्याला ही भाषा वाचता येते, त्याला तापमापक नसला तरी अडत नाही.

ही भाषा वाचावयास चुकले, तर काय घडते? पाड्यावरील एखादे कुटुंब गाठीला असलेले पैसे खर्चून शंभर पिल्ले आणते. त्यांच्या विक्रीतून पुढच्या वर्षीची वह्या-पुस्तके आणि घरावरचे पत्रे यावयाचे असतात. एका रात्री वीज जाते. दिवा विझतो. घरातील माणसे दिवसभराच्या कष्टाने गाढ झोपलेली असतात. गारठलेली पिल्ले ऊब शोधीत एका कोपऱ्यात धावतात. प्रत्येक पिल्लू दुसऱ्याच्या अंगाखाली शिरू पाहते. वरच्यांना ऊब मिळते. खालच्यांना श्वास मिळत नाही. सकाळी कोपऱ्यातील ढीग बाजूला केला, म्हणजे खालची पिल्ले निपचित पडलेली दिसतात. लोक म्हणतात, थंडीने मेली. वस्तुतः ती थंडीने गोठून मेलेली नसतात. एकमेकांच्या ओझ्याखाली गुदमरून मेलेली असतात.

खरे कारण कळले, म्हणजे उपायही सापडतो. ढीग होतो तो कोपऱ्यात. तेव्हा कोपराच नसावा. म्हणून पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे सुमारे दीड फूट उंचीचे गोल कुंपण करून पिल्ले त्यात ठेवतात. वीज जाईल हे गृहीत धरून दुसऱ्या उबेची तयारी आधीच केलेली असते. कोणी कोळशाची शेगडी वापरतात. पण तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बंद जागेत तो पिल्लांचाच नव्हे, तर माणसांचाही प्राण घेऊ शकतो. त्यामुळे शेगडी लावली असता हवेची वाट उघडी असलीच पाहिजे आणि माणूस जागा असला पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस रात्रीतून दोन-तीन वेळा उठून कंदील घेऊन पिल्लांकडे जाणे, हा खर्चाविना होणारा आणि सर्वांत उपयोगी पडणारा उपाय होय.

थंडीच्या माथी मारले जाणारे आणखी एक पाप आहे. मान वाकडी होऊन कोंबड्या पटापट मरतात, त्या रोगाला खेड्यांत मानमोडी म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याकडील राणीखेत गावावरून त्याला राणीखेत रोग असेही नाव पडले आहे. हा रोग विषाणूमुळे होतो. खुराड्यात कितीही ऊब दिली, तरी तो टळत नाही. वेळच्या वेळी लस दिल्याने टळतो. ज्या गोष्टीचा दोष थंडीकडे नाही, तेथे पांघरूण वाढवून काय उपयोग?

ऊब, हवा आणि कोरडेपणा यांची तजवीज झाली, की उरतात अन्न, पाणी आणि प्रकाश. थंडीत चुलीला जळण अधिक लागते, म्हणून कोंबडी अधिक खाते. दिवस मावळण्यापूर्वी मका, बाजरी किंवा तांदळाच्या कण्या पोटभर मिळाल्या, तर गळ्याखालच्या पिशवीत साठविलेले ते दाणे रात्रभर सावकाश पचत राहतात व ऊब देतात. पाणी फार गार असले तर कोंबड्या ते कमी पितात. पाणी कमी झाले की खाणेही कमी होते आणि अंडीही घटतात. म्हणून सकाळी ताजे, कोमट पाणी देणे हिताचे असते.

अंडी घटण्याचे दुसरे कारण थंडीत नसून सूर्यात आहे. कोंबड्याला झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण आहे. कोंबडा तांबडे फुटल्याची वर्दी देतो, तर कोंबडी त्या उजेडाचे तास मोजते, असे म्हणावयास हरकत नाही. प्रकाश तिच्या डोळ्यांतून तर आत जातोच, शिवाय कवटीच्या पातळ हाडांतून झिरपणारा उजेडही तिच्या मेंदूला कळतो. दिवस मोठा होऊ लागला की पिल्लांचा हंगाम आला, असे तिचे शरीर समजते. भरपूर अंडी देण्यासाठी तिला रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो. डोंबिवलीत डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. लेहमध्ये तो दहा तासांहूनही थोडा कमी, तर क्वीबेकच्या दक्षिण भागात नऊ तासांहून कमी असतो. म्हणून कोंबड्या पाळणारे पहाटे व संध्याकाळी काही तास दिवा लावून दिवस मोठा करून घेतात.

जेथे निसर्ग फार कठोर आहे, तेथे माणसाने हेच नियम वापरून अधिक युक्त्या केल्या आहेत. लेहकडे जाणारे डोंगरी रस्ते हिवाळ्यात बर्फाने दीर्घकाळ बंद पडत आले आहेत. अशा वेळी ताजी अंडी मिळावयाची, तर कोंबड्या तेथेच पाळल्या पाहिजेत. लेह येथे १९६२ साली सुरू झालेली संरक्षण खात्याची संशोधन संस्था या थंड वाळवंटातील शेती व पशुपालनाचा अभ्यास करते. लडाखमध्ये थंडी कडक असली, तरी आकाश बहुधा निरभ्र असते. सूर्य भरपूर मिळतो. म्हणून घराची लांब बाजू दक्षिणेकडे करून तिला काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक लावतात. हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरपा येणारा सूर्य थेट आत शिरतो. मातीच्या जाड भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती ऊब सावकाश परत देतात. पाणी गोठते म्हणून ते वारंवार बदलावे लागते. अंडी लगेच उचलावी लागतात. कारण आतील द्रव गोठून फुगला की कवच तडकते.

कॅनडातील लोकांनी घराबरोबर कोंबडीचाही विचार केला. क्वीबेक प्रांतात ओका येथील ख्रिस्ती मठात ब्रदर विल्फ्रिड नावाचे साधू कोंबड्यांची देखभाल करीत. युरोपातून व अमेरिकेतून आलेल्या मोठ्या तुऱ्याच्या जाती तेथील हिवाळ्यात गोठत. कॅनडाच्या हवेला मानवेल अशी जात निर्माण करावी, या हेतूने त्यांनी १९०८ साली निरनिराळ्या जातींचा संकर करण्यास आरंभ केला. दहा वर्षांच्या चिकाटीनंतर, १९१८ साली, ‘शांतक्लेर’ ही जात त्यांनी लोकांपुढे ठेवली. तिची पिसे दाट, आणि तुरा व चोचीखालील मांसल भाग इतके लहान की गोठावयास जणू काही उरूच नये. त्या साधूंनी कोंबड्यांसाठी मोठी चूल पेटविली नाही. थंडी नेमकी कोठे चावते, हे पाहून त्यांनी ती जागाच लहान केली.

लेहमधील मातीची भिंत, ओका येथील मठातील चिमुकला तुरा, मुरबाडच्या शेडमधील गोल कुंपण आणि डोंबिवलीच्या अंगणातील गोणपाट या गोष्टी दिसावयास किती वेगळ्या! परंतु त्या सर्वांमागे एकच शहाणपण आहे. थंडीशी भांडण्याआधी, खरे दुःख कोठे आहे ते शोधावे. मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्याविषयी नुसती दया वाटून भागत नाही. ती दया डोळस असावी लागते. अन्यथा मायेने घातलेले पांघरूणच त्याचा श्वास कोंडते.

संध्याकाळ होते. गाड्यांची ये-जा चालूच असते; इमारतींच्या खिडक्यांत दिवे लागतात. अंगणातील कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरतात आणि दांडीवर एकमेकींना खेटून बसतात. आजी त्यांना मोजून घेते, फळी लावते, हात आत घालून तळाचे तूस कोरडे आहे ना ते चाचपून पाहते. मग ती गोणपाट खाली सोडते आणि वरच्या अंगाला वीतभर जागा उघडी ठेवून घरात जाते.